बख्तर, जमीन आणि प्लास्टिकचा डबा

मराठीत आणि उर्दूत सारखेच चालणारे दोन फारसी शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहेत: बख्तर आणि जमीन. बख्तर म्हणजे चिलखत. जमीन कोणाला समजावून सांगायची गरज नाही. जमिनीखालून वीज नेणाऱ्या जाड केबलला आपले वायरमन 'आर्मर्ड केबल' म्हणतात, म्हणजे बख्तर घातलेली केबल. वरच्या काळ्या आवरणाखाली तिच्या अंगावर लोखंडी तारांची किंवा पट्ट्यांची गुंडाळी असते. फावडे लागले, उंदराने दात मारले, वरून भरलेली ट्रॉली गेली, तरी आतल्या तारांना इजा होऊ नये हा तिचा हेतू.

हे बख्तर आले कुठून, त्याच्यावर दुसरी जबाबदारी कधी पडली, आणि आज घरोघरी लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात शिरताना ती जबाबदारी अर्ध्यावर कशी सुटते, ही हकीकत मला सांगायची आहे. मी भाषेचा शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. पण माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड घेतात. त्यातली काही पुढे दुबई, दोहा, दम्मामला जातात. जी वस्तू ही मुले रोज हाताळतात तिचा इतिहास त्यांना कोणत्याच पुस्तकात शिकवला जात नाही. कारागिराच्या वस्तूलाही इतिहास असतो, आणि कधी कधी त्या इतिहासात माणसाच्या जिवाचा प्रश्न दडलेला असतो.

समुद्रातले बख्तर

बख्तराची गरज वीजपुरवठ्यामुळे नव्हे, तारायंत्रामुळे निर्माण झाली. तार खांबावरून नेणे सोपे होते. नदी आणि समुद्र आडवे आले की अडचण सुरू होई. १८३९ मध्ये कोलकात्यात विल्यम ओ'शॉनेसी या मेडिकल कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने हुगळीच्या पाण्यातून तार नेण्याचा प्रयोग केला. त्याने तारेवर डांबरात भिजवलेले सूत गुंडाळले, त्यावर वेताच्या फाका बसवल्या आणि वरून पुन्हा डांबरी सूत. वेत हेच त्या तारेचे चिलखत. हाताशी होते त्यातून केलेले हे काम आपल्या देशातले आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे मलायातल्या झाडांचा चीक, गटापर्चा, युरोपात पोचला. पाण्यात तो कुजत नाही आणि वीज बाहेर झिरपू देत नाही. १८५० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत तांब्याची एक तार नुसती गटापर्चात गुंडाळून टाकली गेली. बख्तर नव्हतेच. एक दिवसही गेला नाही तोच ती तुटली. दोष एका कोळ्याच्या जाळ्यावर ठेवला गेला. दुसऱ्या वर्षी, १८५१ मध्ये, नवी केबल तयार झाली. तिच्यात तांब्याच्या चार तारा होत्या, त्यांच्यावर गटापर्चा आणि ताग, आणि सगळ्याभोवती जस्त चढवलेल्या दहा जाड लोखंडी तारांचा पीळ. एका मैलाचे वजन सुमारे सात टन. ही केबल टिकली.

हा पीळ घालण्याची विद्या मात्र तारायंत्रवाल्यांची नव्हती. ती खाणीतून आली. जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या खाणींत १८३४ च्या सुमारास विल्हेल्म आल्बर्ट याने लोखंडी तारांचा दोर वळला. तागाचा दोर तुटून खाणकाम अडायचे, त्यावरचा हा उपाय. इंग्लंडमध्ये असे तारदोर वळणारे कारखाने होते आणि समुद्री केबलचे बख्तर त्याच यंत्रांवर तयार झाले.

या कथेत मुंबई लवकरच येते. १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली केबल बख्तर असूनही फुकट गेली. बख्तर हलके होते आणि केबल समुद्रतळावर सैल न सोडता ताणून टाकली होती. या आणि अटलांटिकमधल्या अपयशानंतर लंडनमध्ये चौकशी समिती बसली आणि १८६१ मध्ये तिचा अहवाल आला. केबल कशी बनवावी, कशी तपासावी, याचा तो पहिला मोठा धडा. तो गिरवून १८६४ मध्ये इराणच्या आखातात केबल टाकली गेली. ती इंग्लंडमध्ये तयार झाली, शिडाच्या जहाजांतून मुंबईत आली आणि तिथून आखातात नेली गेली. त्या जहाजांपैकी 'द ट्वीड' हे मूळचे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी 'पंजाब' या नावाने बांधलेले सागवानी जहाज होते. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे थेट लंडनशी जोडली गेली.

आज आपल्या गल्लीतला मुलगा आखातात जाऊन आर्मर्ड केबल ओढतो. आखातात जाणारी बख्तरबंद केबल एकदा मुंबई बंदरातूनच गेली होती, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

बख्तराला मिळालेले दुसरे काम

समुद्रात बख्तराचे काम एकच: मार सोसणे. तारायंत्राची वीज इतकी क्षीण की तिच्याने माणूस मरण्याचा प्रश्न नव्हता. १८८० नंतर दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी वीज रस्त्याखालून जाऊ लागली आणि चित्र पालटले. आता केबल फुटली तर केवळ संदेश थांबत नव्हता, माणूस मरू शकत होता.

लंडनमध्ये सेबॅस्टियन द फेरांटी या तरुण इंजिनिअरने १८९० च्या सुमारास डेप्टफर्डहून शहरात १०,००० व्होल्टची वीज आणली. त्याच्या केबलमध्ये एकात एक अशा तांब्याच्या दोन नळ्या होत्या आणि मध्ये मेणात भिजवलेला कागद. बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली. लोक घाबरले होते. रस्ता खणताना मजुराची पहार केबलमध्ये घुसली तर काय? शंका फिटावी म्हणून चालू केबलमध्ये छिन्नी ठोकण्याचे प्रात्यक्षिक झाले. छिन्नी फेरांटीच्या एका सहायकाने हातात धरली होती. त्याला काहीही झाले नाही.

असे का झाले, हे मुलांना समजावताना मी फळ्यावर साधे गणित मांडतो. छिन्नी आधी बाहेरच्या, जमिनीशी जोडलेल्या धातूतून गेली आणि मग आतल्या जिवंत धातूला टेकली. विजेला परतीचा रुंद रस्ता तिथेच मिळाला. प्रवाह एकदम प्रचंड वाढला, फ्यूज उडाला आणि पुरवठा बंद झाला. आता आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज घ्या. फुटलेल्या केबलपासून परतीच्या रस्त्याचा अडथळा १ ओहम असेल तर २३० अँपिअर प्रवाह वाहतो आणि १६ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडतो. तोच रस्ता ओल्या मातीतून जात असेल आणि अडथळा १०० ओहम असेल तर प्रवाह फक्त २.३ अँपिअर. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. केबलचे लोखंड मात्र तासन्तास, दिवसेंदिवस जिवंत राहते आणि कोणाच्या तरी हाताची वाट पाहते. माणसाचे हृदय थांबवायला अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो.

म्हणून बख्तराला दुसरे काम मिळाले. मार सोसायचाच, पण मार आत पोचलाच तर वीज सुखरूप जमिनीकडे न्यायची. आपले वायरमन ज्याला अर्थिंग म्हणतात ते हेच. जमिनीशी न जोडलेले बख्तर अर्धेच बख्तर. कधी कधी तर ते नसण्यापेक्षा वाईट, कारण एका ठिकाणचा बिघाड ते केबलच्या पूर्ण लांबीवर पसरवते.

लोखंडी डब्याचे मुके काम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमिनीखालच्या केबली कागद आणि शिशाच्या होत्या. तांब्याभोवती तेलात भिजवलेला कागद, त्यावर शिशाची अखंड नळी, त्यावर पोलादी बख्तर. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून गिरण्यांना वीज मिळू लागली, तो हा काळ. अशी केबल जिथे संपे किंवा जोडली जाई तिथे बिडाचा जड डबा असे. जॉइंटर शिशाचा सांधा भरी, बख्तर डब्याच्या तोंडाशी पट्टीने आवळी आणि वरून गरम डांबर ओती. हे काम वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली बसून शिकायचे.

या डब्याची एक गोष्ट कोणी मुद्दाम शिकवत नसे, कारण ती आपोआप घडत होती. डबा धातूचा. त्यात एका बाजूने केबल येई, दुसऱ्या बाजूने जाई. दोन्हींचे बख्तर डब्याला आवळलेले, म्हणजे डब्यातून एकमेकांना जोडलेले. जमिनीकडे जाणारा रस्ता डब्यापाशी तुटत नसे.

कायद्याने हे शब्दांत बांधले. १९१० च्या वीज कायद्याखाली १९५६ मध्ये जे भारतीय वीज नियम झाले त्यांतला ६१ वा नियम अर्थिंगचा. त्याचा मथितार्थ असा: विजेच्या तारांना झाकणारे प्रत्येक धातूचे आवरण जमिनीशी जोडलेले असले पाहिजे, आणि वाटेतल्या प्रत्येक जंक्शन बॉक्सला ओलांडून ते संपूर्ण लांबीत अखंड असले पाहिजे. २०१० च्या केंद्रीय नियमावलीतही ही अट राहिली. 'जंक्शन बॉक्सला ओलांडून' हे शब्द लोखंडी डब्यांच्या जमान्यात जवळजवळ अनावश्यक वाटले असतील. आज सगळा प्रश्न त्यांच्यातच आहे.

धातू एकेक करून गेला

१९०७ मध्ये लिओ बेकलंडने बेकेलाइट शोधले. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमनला पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती सापडली. या दोन शोधांनी वायरमनच्या पिशवीतल्या वस्तू हळूहळू बदलून टाकल्या. केबलमधला कागद गेला, पीव्हीसी आले. कागदाला ओल चालत नसे म्हणून शिसे लागायचे. कागदच नाही म्हटल्यावर शिसेही गेले. आधी केबलवर धातूची दोन आवरणे होती, आता एकच राहिले: बख्तर. बिडाच्या डांबरी डब्याच्या जागी पत्र्याचा हलका डबा आणि पितळी ग्लँड आला. इथपर्यंत रस्ता शाबूत होता. ग्लँडच्या कोनावर बख्तराच्या तारा आवळलेल्या, ग्लँड डब्याच्या पत्र्यात घट्ट, आणि पत्रा अर्थिंगला जोडलेला.

मग डबाही प्लास्टिकचा झाला. पॉलीकार्बोनेट, एबीएस, फायबरग्लास. मी या डब्याच्या विरोधात नाही. तो गंजत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत पत्र्याचा डबा काही वर्षांत चाळणी होतो, हा टिकतो. हलका आहे, स्वस्त आहे, आणि डब्याला हात लागून शॉक बसण्याची भीती नाही. मीटर, बोअरवेलचा स्टार्टर, छतावरच्या सोलरचे डबे, सगळीकडे तो आलाय आणि येणे बरोबरच आहे.

पण बिडाचा डबा जे काम मुकाट्याने करत होता ते करायला आता कोणी उरले नाही. पितळी ग्लँड प्लास्टिकच्या भोकात बसतो आणि तिथेच एकटा पडतो. त्याला ना डब्याचा आधार, ना शेजारच्या ग्लँडचा. येणाऱ्या केबलचे बख्तर मागच्या लोखंडी पॅनेलमध्ये जोडलेले असते म्हणून निदान ते सुरक्षित. बाहेर जाणाऱ्या केबलच्या बख्तराला जमीन ठाऊकच नसते. जे जोडणे आधी वस्तूत होते ते आता माणसाच्या हातात आले, आणि त्या माणसाला हे कोणी सांगितलेच नाही.

एक डबा

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कामगाराला जबर शॉक बसला. बोटे भाजली. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. सात वर्षे कतारमध्ये काम करून परतलेला माझा एक माजी विद्यार्थी तिथे दुरुस्तीला गेला होता. पुरवठा बंद करून त्याने भिंतीवरचा डबा उघडला आणि मला दाखवला. पुढच्या पॅनेलहून एक आर्मर्ड केबल डब्यात आलेली, दुसरी मागच्या शेडकडे गेलेली. मागच्या केबलच्या दुसऱ्या टोकालाही प्लास्टिकचाच डबा. कुंपणाचा पत्रा ठोकताना कधीतरी एक सळई त्या केबलमध्ये घुसली होती.

मी म्हटलं, "पण इथे तर अर्थिंग आहे. मालकाने कोळसा-मीठ घालून खड्डा केलेला मी स्वतः पाहिलाय."

"अर्थिंग आहे, सर," तो म्हणाला. "मोटारींना आहे. या बख्तराला नाही. डबा प्लास्टिकचा आहे, शॉक ग्लँडचा लागलाय."

ओल्या भिंतीवरून बाहेर डोकावणारे ते दोन इंच पितळ किती दिवस जिवंत होते, कोण जाणे. एमसीबी पडला नव्हता. वरच्या गणितातले २.३ अँपिअर आठवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा आकडा अलीकडे दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो. त्यात असे डबे किती हे वेगळे मोजले जात नाही. पण त्या आकड्यात शेतमजूर, यंत्रमाग कामगार, वायरमन हीच आपली माणसे असतात.

हाताने करायचे ते काम

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. त्या विद्यार्थ्याकडून समजून घेतलेले इथे लिहितो, म्हणजे काम करून घेणाऱ्यांनाही काय मागायचे ते कळेल. काम अर्थात परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

पहिली गोष्ट, आर्मर्ड केबलला आर्मर्ड केबलचाच पितळी ग्लँड हवा. पुष्कळ ठिकाणी बख्तर डब्याच्या बाहेरच कापून टाकतात आणि आतल्या तारा प्लास्टिकच्या पीजी ग्लँडमधून घेतात. दिसायला काम स्वच्छ दिसते, पण बख्तर बेवारस होते आणि केबलला ओढ बसली तर सगळा ताण आतल्या तारांवर येतो.

दुसरी, ग्लँडबरोबर अर्थ टॅग लावायचा. हे भोक असलेले पितळी पान असते. ते ग्लँडवर चढवायचे, त्याला लग मारून हिरवी वायर जोडायची आणि ती डब्यातल्या अर्थच्या पट्टीला न्यायची. डब्यात दोन ग्लँड असतील तर दोघांचेही टॅग त्याच पट्टीला. बिडाचा डबा जे करत होता तेच आता ही वायर करते.

तिसरी, नुसत्या प्लास्टिकच्या दाबावर भरवसा ठेवायचा नाही. नट कितीही आवळला तरी प्लास्टिक उन्हाने आणि दाबाने हळूहळू बसते, नट सैल होतो आणि टॅगची पकड जाते. म्हणून ज्यात वायर थेट स्क्रूने आवळता येते असा अर्थिंग नट वापरावा, किंवा डब्याच्या आतून धातूची पट्टी बसवून सगळे ग्लँड तिच्यावर आवळावेत. आखातातल्या तेल आणि वायूच्या प्रकल्पांत फायबरग्लासच्या डब्यांत अशी पितळी पट्टी असते. परतलेल्या मुलांनी ती तिथे पाहिलेली आहे, हाताने बसवलेली आहे.

चौथी, काम झाल्यावर पुरवठा बंद असताना मल्टिमीटरने बाहेर जाणाऱ्या बख्तरापासून अर्थच्या पट्टीपर्यंत तपासायचे. आकडा शून्याच्या जवळ हवा. एवढ्याने जोडणी मोठा प्रवाह पेलेल हे सिद्ध होत नाही, पण जोडणी विसरली असेल तर तिथेच कळते. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेला असेल तर एमसीबीच्या नजरेतून सुटलेली गळती तो पकडतो. तो बख्तराच्या जोडणीची जागा घेत नाही, तिच्या पाठीशी उभा राहतो.

मी त्या विद्यार्थ्याला विचारले, की तुला हे सगळे येते तर गावात प्रत्येक कामात का करत नाहीस? तो हसला. म्हणाला, "सर, तिकडे इन्स्पेक्टर डबा उघडून बघायचा. टॅग नसेल तर काम परत. इथे गिऱ्हाईक म्हणतं, दिवा लागला ना, मग हे वरचे पैसे कशाचे?"

आपल्याकडे हुन्नर आहे, पण त्याची किंमत करणारा नाही. समुद्री केबली बुडाल्या तेव्हा चौकशी समिती बसली, कारण त्यात मोठा पैसा बुडाला होता. भिंतीवरच्या डब्यासाठी समिती बसणार नाही. तिथे विचारणारे आपणच आहोत. पुढच्या वेळी घरात, शेतात, शेडमध्ये किंवा मशिदीच्या बोअरवेलवर प्लास्टिकचा डबा लागेल तेव्हा झाकण बंद होण्यापूर्वी वायरमनला एवढेच विचारा: "भाई, या केबलचं बख्तर जमिनीला कुठे जोडलंय, दाखव." त्याने हिरवी वायर दाखवली तर तिचे पैसे घासाघीस न करता द्या.